मुरब्याची हवा, आठ अंश

५ एप्रिल २०२५, शनिवार

धाकट्या भावाची व्हॅन आज पुन्हा बोईसरच्या बाजारात अडली. पहाटे मुरब्याहून निघताना पहिल्या सेल्फला चालू होते, रस्त्यातही धड चालते. बाजारात पाट्या उतरवून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की मग रडगाणं सुरू. सेल्फ फिरत राहतो, पेट्रोलचा भपकारा येतो, आणि इंजिन काळा धूर ओकत कसंबसं उठतं. आज तेही झालं नाही. अर्धा तास इंजिनावरची सीट उचलून ठेवल्यावर चालू झाली.

तोवर इकडे दुसऱ्या खेपेच्या बायका धक्क्यावर खोळंबल्या. चैत्राच्या उन्हात करंदी आणि मांदेली किती वेळ दम धरणार? बर्फाचं पाणी होतं, नऊनंतर गिऱ्हाईक पांगतं आणि मग मागेल त्या भावात पाटी रिकामी करावी लागते. आत्या संध्याकाळी घरी आली ती सरळ माझ्याकडेच. म्हणाली, "कारखान्यातली यंत्रं नीट करतोस ना? मग ही एवढी गाडी बघ. म्हावऱ्याला पेट्रोलचा वास लागला तर घेणार कोण?"

गेल्या महिन्यात एका गॅरेजात स्कॅनर लावून झाला होता. कोड आला पी-०११३, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचं सर्किट, 'हाय इनपुट'. तिथे सेन्सर बदलला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली. बिल धाकट्याने डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवलं आहे. चेक लाइट काही दिवस विझला, पुन्हा लागला. आता कधी लागतो, कधी विझतो.

झोपताना धाकटा सहज एक गोष्ट बोलून गेला. "दादा, लाइट लागलेला असला ना, की गाडी उलट बरी चालते." त्याला ते विचित्र वाटतं. मला वाटतं, आजच्या दिवसातली सगळ्यात कामाची माहिती हीच.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

साडेपाचला उठलो. गाडीला किल्लीही लावू नकोस, असं धाकट्याला रात्रीच बजावलं होतं. रात्रभर उभ्या गाडीत लोखंड, कूलंट आणि हवा सगळी एकाच तापमानाला आलेली असतात. दिवसातून एवढा एकच वेळ गाडी स्वतःची परीक्षा फुकटात देते. एकदा सेल्फ मारला की ती संधी गेली.

माझा तापमापक अंगणात २६ अंश दाखवत होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथचं अडॅप्टर लावलं, किल्ली ऑन केली, इंजिन बंदच ठेवलं. मोबाइलवर कूलंट २७. मॅनिफोल्डचा दाब १०१ किलोपास्कल. आत येणारी हवा ८.

चैत्रात, समुद्राला लागून, आठ अंश!

या आठात बरंच काही आहे. सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध घटतो, गार झाला की वाढतो. हा गुण मायकेल फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. गाडीचा कॉम्प्युटर आपल्या आतल्या एका ठरावीक रोधातून पाच व्होल्ट देतो आणि थर्मिस्टरपाशी किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली तर रोध अनंत, पाचच्या पाच व्होल्ट उरतात, आणि कॉम्प्युटरला वाटतं बाहेर उणे ४० अंश आहेत. ती अवस्था टिकली की पी-०११३. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर उलट: व्होल्टेज शून्याकडे, आकडा शंभराच्याही वर, आणि कोड पी-०११२. कोड सांगतो ती सर्किटची अवस्था. सर्किटमधला कोण दोषी, हे कोड सांगत नाही. त्याला ते ठाऊकच नसतं. 'पी-०११३ म्हणजे सेन्सर गेला' हे जे गॅरेजागणिक ऐकू येतं, ते चूक आहे. आणि त्या चुकीचे पैसे सेन्सर विकणारा भरत नाही, पाटी विकणारी भरते.

आठ म्हणजे तुटलेली वायर नाही आणि चिकटलेलीही नाही. सर्किट जिवंत आहे, पण खोटं बोलतंय.

८ एप्रिल, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधल्या कागदावर हिशेब मांडला.

या व्हॅनला हवेचं वजन करणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून कॉम्प्युटर आत किती हवा गेली ते काढतो आणि त्या मानाने पेट्रोल सोडतो, साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. हवा गार तेवढी दाट. शून्य अंशाला एका घनमीटर कोरड्या हवेचं वजन सुमारे १.२९ किलो, तीस अंशाला सुमारे १.१६. तापमान खोटं कमी दाखवलं तर कॉम्प्युटर नसलेली हवा मोजतो आणि तिच्यासाठी पेट्रोल ओततो.

मग पहाटे गाडी धड का चालते? कारण सायलेन्सरकडच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलाय. तो गरम झाला की 'पेट्रोल जास्त होतंय' असं सांगत राहतो आणि कॉम्प्युटर मात्रा मागे घेतो. काल संध्याकाळी धाकट्याबरोबर जाऊन आलो तेव्हा सेन्सरच्या शेजारी माझी थर्मोकपल बांधली होती. बाजाराजवळच्या गर्दीत गाडी रांगत असताना तिथलं खरं तापमान ६० होतं, स्कॅनरवर १७. लाँग टर्म फ्युएल ट्रिम उणे १३ टक्के. केल्विनमध्ये मांडलं: ३३३ भागिले २९०, म्हणजे १.१५. कॉम्प्युटरला हवा पंधरा टक्के जास्त वाटते, ती चूक पुसायला पेट्रोल तेरा टक्के कमी करावं लागतं. आकडा आकड्याला तंतोतंत भेटला. कागद घडी करून खिशात ठेवला. असा हिशेब जुळतो तेव्हा फार बरं वाटतं.

पण गरम इंजिन पुन्हा चालू करताना ऑक्सिजन सेन्सरचा शब्द चालत नाही. त्या काही सेकंदांत कॉम्प्युटर आपल्याच तक्त्यावर विसंबतो, आणि तक्त्याला सांगितलेलं असतं की हवा थंडगार आहे. मग पेट्रोलचा पूर. प्लग भिजतात. आत्याला येतो तो वास हाच.

बोईसरच्या उड्डाणपुलावर भरल्या गाडीने चढताना इंजिन खडखडतं, त्याचाही उलगडा होतो. हवा तापलेली असेल तर ठिणगी जरा उशिरा टाकायची असते. आत सतरा अंश आहेत असं समजणारा कॉम्प्युटर ती लवकरच टाकत राहतो.

आणि धाकट्याचं कोडं. वायर मधूनच पूर्ण सुटते, उणे ४० येतं, कोड बसतो, लाइट लागतो. बऱ्याच गाड्यांत असा कोड बसला की कॉम्प्युटर त्या सेन्सरवर विश्वास ठेवणं सोडून देतो आणि एक मधलं, बेताचं तापमान गृहीत धरून चालतो. ते गृहीतक आठ किंवा सतरापेक्षा खऱ्याच्या जवळ असतं. म्हणून लाइट लागलेला असताना गाडी बरी. पूर्ण बंद पडलेलं उपकरण सांभाळून घेता येतं; पटण्यासारखं खोटं बोलणारं उपकरण जास्त धोक्याचं. औद्योगिक वसाहतीत रिॲक्टरच्या तापमानावर काम करताना मी याच गोष्टीला सगळ्यात जास्त भितो.

११ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना सांगून डिकेड बॉक्स आठवडाअखेरीपुरता घरी आणला. बटणं फिरवून हवा तेवढा रोध लावता येणारा हा डबा आमच्या खात्यात रोज वापरात असतो.

आधी सेन्सर. कपलर सोडवला. चार पिना: मायनस, पाच व्होल्ट, दाबाचा सिग्नल, तापमानाचा सिग्नल. एकाच अंगात दाब आणि तापमान दोन्ही. बाहेर ३० अंश होते, मीटरवर १.७ किलोओहम. अशा थर्मिस्टरच्या तक्त्यात २० अंशाला २.५, ३० ला १.७, ६० ला ०.६ असे आकडे असतात. सेन्सर अचूक आहे. काढून टाकलेला जुना सेन्सर धाकट्याने ठेवला होता, तोही मोजला. तोही अचूक. चांगला सेन्सर काढून चांगला सेन्सर बसवला होता.

मग वायरी. मायनसवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. दाब आणि तापमान एकाच मायनसवर चालतात. तो खराब असता तर दाबाचा आकडाही बिघडला असता. तो मात्र इंजिन बंद असताना १०१ दाखवतोय, आणि समुद्रसपाटी म्हणजे आमचं अंगणच. घाटावरच्या गॅरेजात हा आकडा ९०-९५ च्या आसपास येतो, तिथे उंचीचा हिशेब करावा लागतो. मुरब्यात तशी गरजच नाही. राहिली एकच वायर, तापमानाच्या सिग्नलची.

कपलर सुटा असताना त्या पिनेवर व्होल्टेज घेतलं: पाच. चोख पाच. मागे तपासणारा बहुतेक इथेच थांबला असणार, 'वायर ओके' म्हणून. इथेच फसगत आहे. चांगला डिजिटल मीटर वायरमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. करंट नाही तर रोधावर व्होल्टेज पडतही नाही. सडलेल्या वायरच्या टोकालाही पाचच दिसतात. वायरला काम दिल्याशिवाय तिची परीक्षा होत नाही.

म्हणून सेन्सरच्या जागी डिकेड बॉक्स लावला. १.७ किलोओहमला स्क्रीनवर ३० दिसायला हवेत, दिसले १०. मग डबा शून्यावर आणला, म्हणजे सरळ शॉर्ट. आता आकडा शंभरापार जायला हवा. तो २३ वर येऊन थांबला.

२३ अंशाला थर्मिस्टरचा रोध सुमारे २.२ किलोओहम. शॉर्ट करूनही २.२ उरतात, म्हणजे ते वायरच्या पोटात कुठेतरी बसलेत. याच २.२ ने सगळे आकडे सुटतात: २६ अंशाचे दोन अधिक सव्वादोन, स्क्रीनवर आठ, ६० अंशाचे सहाशे ओहम अधिक सव्वादोन किलो, स्क्रीनवर सतरा. हवा जितकी तापते तितकं थोतांड मोठं होतं, कारण खऱ्या रोधाचा वाटा लहान होत जातो.

कारखान्यात पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरला आम्ही तीन वायरी लावतो, वायरचा स्वतःचा रोध वजा करता यावा म्हणून. तिथे एका अंशाला अर्ध्या ओहमहूनही कमी फरक पडतो. गाडीत दोन वायरींवर भागतं, कारण थर्मिस्टरचे हजारो ओहम वायरच्या एखाद्या ओहमला मोजतच नाहीत. हा विचार बरोबरच आहे. त्यात फक्त मुरब्याचा खारा वारा धरलेला नाही.

१३ एप्रिल, रविवार

सेन्सर जोडून, किल्ली ऑन ठेवून दोन्ही टोकांना व्होल्टेज घेतलं. कॉम्प्युटरच्या पिनेपाशी ३.२, सेन्सरच्या पिनेपाशी १.४. मधले १.८ व्होल्ट वाटेत गायब. ती वाट पुढच्या सीटखालून जाते. या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं आणि वायरिंगची जुडी फरशीलगत पुढे येते.

मॅट उचलली. खाली ओल होती आणि मिठाचा पांढरा थर. पाट्यांमधून गळणारं बर्फाचं पाणी, त्यात माशांचं खारट पाणी, रोजचं. जुडीवरची टेप उलगडत गेलो. धाकट्याने वायरी एकेक करून हलवल्या, मी स्क्रीन बघत होतो. एका जागी हात लागताच ८ चे उणे ४० झाले, परत ८.

त्या जागी वायरच्या वेष्टनाला एक बारीक भोक होतं. टेस्टरची सुई टोचल्याचं. कधीतरी कुणीतरी घाईत व्होल्टेज बघायला टोचलेली, आणि वर टेपचा तुकडाही न लावता सोडून दिलेली. वेष्टन कापलं तर आतलं तांबं हिरवं चूर्ण झालेलं. दोन-तीन केसांएवढे धागे तेवढे धरून होते. भोकापासून दोन्हीकडे वीतभर तांबं काळं पडलेलं, कारण खारं पाणी धाग्यांच्या फटींतून आत आत चढत जातं. नुसतं मीठ हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या वर ओल असेल तर स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओला राहतो. आमच्या गावात पहाटेची हवा कोरडी असते कधी? म्हणजे ती वायर एकदा खारावली ती पुन्हा वाळलीच नाही.

वायरला सुई टोचून तपासण्याची ही पद्धत किनाऱ्यावरच्या गॅरेजांनी बंद करायला हवी. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून तेच व्होल्टेज मिळतं, वायरला इजा होत नाही. वेळ लागतो तो एखादं मिनिट जास्त. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात टोचलेलं भोक म्हणजे पावसाळा-दोन पावसाळ्यांनी हमखास येणारा बिघाड आहे, आणि तो येतो तेव्हा भोक कुणालाच आठवत नाही. बदलला जातो सेन्सर.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. काल बोईसरहून त्याच जाडीची वायर आणि आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह आणली होती. लखलखीत तांबं लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी कापलं. नवा तुकडा क्रिंप केला, स्लीव्ह चढवली, कडेने डिंक बाहेर येईपर्यंत तापवली. शेजारच्या वायरीही तपासल्या. दाबाच्या सिग्नलचं वेष्टन शाबूत आहे. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. जुडी फरशीवरून उचलून सीटच्या चौकटीला बांधली.

मग डिकेड बॉक्स पुन्हा. २.५ किलोओहमला २०, १.७ ला ३०, ०.६ ला ६०. शॉर्ट केल्यावर आकडा वर जाऊन टेकला. कपलर सोडला तर उणे ४०. दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमधला फरक काही मिलिव्होल्टचा. कोड पुसले, जुना ट्रिमही पुसला; तो शिकलेला उणे तेराचा धडा आता चुकीचा होता.

धाकटा लगेच चक्कर मारून यायला निघाला होता. म्हटलं, थांब, उद्या पहाटे किल्ली ऑन करून आकडे लिहून घे, मग जा.

२० एप्रिल, रविवार

आठवडाभराचे पहाटेचे आकडे धाकट्याने मोबाइलवर पाठवले आहेत. हवा आणि कूलंट यांत अंश-दीड अंशापलीकडे फरक नाही. बाजारात उभी करून पुन्हा चालू करताना पहिल्या सेल्फला उठते. ट्रिम उणे २ आणि अधिक ३ यांच्या मध्ये हलतो. उड्डाणपुलावरची खडखड गेली. ॲव्हरेज थोडं सुधारलं म्हणतो. मी त्याला फार मोल देत नाही, कारण सरळ रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर आधीही सांभाळून घेतच होता. खरा फरक बाजारातल्या थांब्यांचा आहे.

आत्याने आज चिंबोऱ्या आणून दिल्या. आकड्यांचं तिला काही नाही. दुसरी खेप सातच्या आत निघते, हे तिने दोनदा सांगितलं.

२७ एप्रिल, रविवार

गाडीच्या मागच्या भागात पाट्यांखाली कडा असलेला प्लास्टिकचा ट्रे बसवला. कोपऱ्यात नळी काढून पाणी थेट बाहेर सोडलं. पाट्या उतरल्यावर फरशी गोड्या पाण्याने धुवायची, असं धाकट्याने कबूल केलंय. १ जूनला मासेमारी बंद होईल तेव्हा सगळ्या मॅट काढून वायरिंग उन्हात एकदा नीट बघू. पाऊस सुरू झाल्यावर ते होणार नाही.

मासे सुकवायच्या वलांडीपलीकडच्या घरचा टेम्पोवाला आज चौकशीला आला होता. त्याच्याही गाडीचा लाइट लागतोय आणि कुणीतरी त्याला सेन्सर आणायला सांगितलाय. त्याला म्हटलं, अजून आणू नका. उद्या पहाटे सेल्फ मारायच्या आधी मला हाक मारा.

व्हॅनच्या खणात त्या जुन्या बिलाला टाचून एक कागद ठेवला आहे, पुढे कुणी ही गाडी उघडेल त्याच्यासाठी: तापमानाच्या सिग्नलची वायर सीटखाली १४ एप्रिल २०२५ ला जोडली आहे. रात्रभर उभी असताना हवा आणि कूलंट सारखे दिसले पाहिजेत, किल्ली ऑन करून दाब १०१ च्या आसपास. दोन्ही सेन्सर चांगले आहेत, जुना याच खणात आहे. वायरला सुई टोचू नये.